भैय्यालालची सायकल

३ नोव्हेंबर २०२५

आली. चोवीस वर्षांनी ती सायकल माझ्याच दुकानात आली!

अकराच्या सुमारास पिकअप थांबली. वनखात्याच्या खाकी कपड्यातली एक पोरगी उतरली आणि मागून सायकल काढू लागली. मी ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होतो. मान वर केली आणि ट्यूब हातातून सुटली. काळी फ्रेम. पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं. त्या दिवशी होतं, अगदी तस्संच.

"काका, मले ओळखलं का? मी साधना. भैय्यालालची पोरगी."

बाप गेला तेव्हा तीन वर्षांची होती. आता वनरक्षक झाली, बदली होऊन अड्याळला आली. तिची आई रत्नावहिनी तेव्हाच तिला घेऊन माहेरी, दिघोरीला गेली. सायकलही नेली. गोठ्याच्या माळ्यावर पडून होती, कुणी हात लावला नाही म्हणे. आता हिला ती चालवायची आहे.

"आई म्हनते, बाबा तुमच्याशिवाय कोनाच्या हाती सायकल देत नोहोते."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

४ नोव्हेंबर

हात लावला नाही.

६ नोव्हेंबर

या वह्यांत मी काय काय लिहिलं — पाऊस, बायकोचं, मंदाचं दुखणं, टायरचे भाव. हे मात्र कधी लिहिलं नाही. आज लिहितो.

२००१ची मंडई. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं, दंडारीचे खेळ, रात्रभर नाटक. आमच्या गावात त्या दिवशी सकाळी सायकलची रेस असायची. बक्षीस — पाणी भरायचा पितळी गुंड. भैय्यालाल माझ्याच वयाचा, माझाच लहानपणापासूनचा दोस्त. तुमसरला राइस मिलमध्ये पोती उचलायचा. रेसच्या आदल्या दिवशी तिथून सायकल मारत गावी यायचा आणि दुसऱ्या दिवशी मला हरवायचा! लागोपाठ तीन वर्षं. त्याच्या घरी तीन गुंड, माझ्या घरी एकही नाही. मंदा थट्टेत म्हणायची, "रत्नाले पानी भराले चवथा गुंड नेऊन द्या आता." मी हसायचो. पण आतून जळायचो.

आमच्या रेसचा एक रिवाज होता. सकाळी सगळ्या सायकली मिस्त्रीकडे तपासायला यायच्या. मिस्त्रीने तपासून हँडलला कुंकू लावलं की झालं — त्यानंतर रेस संपेपर्यंत कुणी सायकलला पाना लावायचा नाही. लावला तर बाद. आणि गावात मिस्त्री मी एकटाच. मी स्वतःही पळणार होतो, पण कुणी हरकत घेतली नाही. "सेवकराम कायले बेईमानी करन?" असं सगळे म्हणायचे.

मी केली. पायडलचा दांडा ज्या पिनेवर घट्ट बसतो, त्या कॉटर पिनेचा नट तीन फेरे सैल केला. मग हँडलला कुंकू लावलं.

त्याला पाडायचं नव्हतं. दांडा डगडगेल, पायाचा जोर वाया जाईल, तो मागे राहील — एवढाच हिशेब होता. खरं सांगतो. या पानाशी खोटं बोलून मला काय मिळणार?

७ नोव्हेंबर

काल पुढचं लिहवलं नाही.

तो मागे राहिलाच नाही. पहिल्यापासून पुढे! तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता खाली उतरतो आणि डावीकडे वळतो. तिथे तो माझ्यापुढे वीस-पंचवीस हात होता. उतारावर त्याने सीट सोडून पायडलवर उभं राहून जोर लावला. आता दांडा निसटेल, या वेगात निसटेल! मी जीव खाऊन ओरडलो, "भैय्या, थांब! थांब रे!"

त्याने मागे पाहिलं. मग पुढचं चाक मैलाच्या दगडावर गेलं.

मी पोहोचलो तेव्हा डोकं दगडाला लागून होतं. डोळे उघडे. श्वास नव्हता.

लोक म्हणाले, वेग जास्त झाला, वळण सापडलं नाही. सायकल कुणी खोलून पाहिली नाही. उचलून तशीच घरी नेली. दांडा निसटला म्हणून तो पडला, हे मला एकट्याला माहीत होतं.

पण हाक मारली. त्या दिवशी मी एकच गोष्ट माणसासारखी केली — हाक मारली. त्या एका हाकेच्या आधारावर चोवीस वर्षं काढली.

८ नोव्हेंबर

दिवसभर ती समोर उभी असते. मागचं चाक वाऱ्याने हलतं आणि फ्रीव्हील टक्-टक् करतं. गिऱ्हाईक बोलत असतं, मला ऐकू येत नाही. पोतं टाकून झाकली, तरी आवाज येतोच. दुपारी वाटलं, पोत्याखाली कुणीतरी वाकून बसलंय. उठून पोतं काढून पाहिलं. या वयात!

सायकलवर बसणं मी तेव्हाच सोडलं. घरून दुकानात पायी येतो. गाव हसतं, "सायकलवाला मिस्त्री अन् पायी चालून राहिला!" हसू दे.

१० नोव्हेंबर

बाकी सगळं केलं. पुढची रिम नवीन टाकली, आरे भरले, चाक डगमगू नये म्हणून आऊट काढला. बेअरिंगचे छर्रे बदलले. चेन रॉकेलमध्ये धुतली. कॉटरला हात लावला नाही.

नट सैल निघाला की झालं, मी मारलं त्याला. आतापर्यंत नुसतं मनात होतं. आता हात लावून बघावं लागेल.

ग्राइंडरने कापून टाकता येईल. पिन कापायची, नाल्यात फेकायची, नवीन ठोकायची. कोणाला कळणार? दोनदा ग्राइंडर हातात घेतला. दोनदा ठेवला. घाबरट आहे मी, दुसरं काय!

१२ नोव्हेंबर

साधना आली होती. सायकलभोवती फिरली, घंटी वाजवून बघितली.

"काका, बाबा कसे चालवत होते हो? आई सांगतच नाही."

मी सांगितलं — मान खाली, कोपरं अंगाला चिकटून, जणू मागे जगच नाही. ऐकताना तिचा चेहरा हुबेहूब त्याच्यासारखा झाला. मला जेवण गेलं नाही. मंदा म्हणाली, "काहून असे करून राहिले? सायकल देऊन टाका तिची."

१४ नोव्हेंबर

उघडला. शेवटी उघडला!

पाना लावला आणि जोर दिला — नट हलेना. गंज असेल म्हणून रॉकेल टाकलं, तासभर थांबलो. पुन्हा लावला. तेव्हा कुरकुरत सुटला. सैल नव्हता. शेवटपर्यंत कसलेला होता! आणि नटाखाली सुतळीचे दोन वेढे, तेलाने काळे पडलेले.

ही सुतळी माझी नाही. ही भैय्यालालची खोड. मिलमध्ये पोती शिवायची सुतळी त्याच्या खिशात कायम असायची. जिथं काही डगडगलं, तिथं दोन वेढे देऊन कसून टाकायचा. कुंकू लावल्यावर त्याने पाना लावला होता. रिवाज मोडून.

म्हणजे त्याला कळलं होतं! कुणी सैल केला तेही कळलं असणार, दुसरा हात कुणाचा असेल? रेसच्या कमिटीला सांगितलं नाही. मला विचारलं नाही. रेस सुटायच्या आधी माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाला होता, "आज पुरा जोर लाव बे, सेवक!" ते आज समजलं. मी दुकानातच बसून रडलो, गिऱ्हाइकासमोर.

पण मी मारलं नाही. दांडा निसटलाच नाही. लोक म्हणत होते तेच खरं — वेग जास्त झाला. मी बेईमान आहे, पण खुनी नाही! हे मी चार वेळा लिहू शकतो.

घरी साधनाच्या सायकलवर बसून आलो. मंदा दारात उभी राहून बघतच राहिली.

१५ नोव्हेंबर

रात्री झोप लागली. सकाळी ठरवलं, रत्नावहिनीला सगळं सांगायचं. आता सांगता येईल. साधना म्हणाली, उद्या सुट्टी आहे, मीही येते.

१६ नोव्हेंबर

दिघोरीला जाऊन आलो. अंगणात बसून सगळं सांगितलं — नट, सुतळी, उतार, हाक. साधनाने आधी तोंड फिरवलं. मग म्हणाली, "काका, तुमच्यानं नाही झालं ते."

वहिनी धान पाखडत होती. सूप थांबलं नाही. पाखडता पाखडता एकच विचारलं, "भाऊजी, रेसमंदी ते कधी मांगं पाहत नोहोते. त्या दिवशी कायले पाह्यलं?"

बसची वेळ झाली म्हणून उठलो. उत्तर इथे लिहितो — मी हाक मारली म्हणून.