ओट्याचा पत्रा आणि यांचा हात

१९ मार्च १९६०, शनि.
वादळाच्या पाण्याने स्वैपाकघरातला लाकडी ओटा फुगलाय, त्यात वाळवी. प्रायमस ठेवला की डुगडुगतो. शेजारच्या दुखन काकांच्या गोठ्यामागे शेणात सपाट पत्रा पडला होता, कुठून उडून आलेला. काका म्हणाले, ने. यांनी उचलून आणला. उद्या ओट्यावर ठोकणार.

२० रवि.
वरून खिळे मारून झाले. कड खाली वळवताना पत्रा सटकला. यांचा तळहात अंगठ्याच्या बुडापासून फाटला. हळद भरली, चिंधी बांधली, आणि उरलेलं एका हाताने ठोकत बसले. म्हटलं, रोझ बेलला डॉक्टरकडे जाऊ.
"एवढ्याशासाठी?"
वसंता. माझा धाकटा भाऊ. पायात खिळा गेला तेव्हा आईनेही हळदच भरली होती. आधी दातखीळ बसली, मग... नको.

२१ सोम.
हे उसाच्या कामावर गेलेच. दुखन काकी ओटा बघायला आल्या. "बहुत सुंदर बा!" आहे खरा, एका फडक्यात लख्ख होतो. यांचा हात फाटला ती कड मात्र मी पुसत नाही.
रात्री जेवताना यांच्या जबड्याकडे बघत राहिले.
"काय गं?"
"काही नाही. भाकरी कडक झाली का?"

२३ बुध.
हात सुजलाय, जखम ओली. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्या म्हणाल्या, "नवऱ्याचं असलं वाईट मनात आणू नये." आणलं कुठे, ते आपणच येतं.
शेवटी यांना वसंताचं सगळं सांगितलं. पाठीची कमान कशी व्हायची, दार वाजलं तरी कसा ताठायचा. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. यांनी चिंधी सोडून हात बघितला. मग म्हणाले, "उद्या जाऊ."

२४ गुरु.
गेलो. धनुर्वाताची सुई दिली, जखम धुतली. तिथला पट्टी बांधणारा इथल्या क्रेओली बोलीत म्हणत होता, "पा पेर, मादाम." घाबरू नको म्हणे. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. त्याच दिवशी यायला हवं होतं, म्हणाले. जबडा किंवा मान आखडली तर ताबडतोब आणा.
बसमध्ये हे बाहेर बघत होते. मी यांच्याकडे.

२६ शनि.
सूज उतरतेय. दोन घास जास्त जेवले. सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. म्हणजे त्याही घाबरल्या होत्या.

२७ रवि.
उठल्या उठल्या म्हणाले, "मान जरा अवघडलीय. उशी उंच झाली."
"तोंड उघडा."
उघडलं.
"अजून."
"वेडी आहेस का?" पण उघडलं. कालच्याइतकं होतं? ठरवता येईना.
लॉरीवाल्या रामभाऊंना सांगून आले, आज लांब जाऊ नका. बरं म्हणाले.
हे अंगणात लेकीला, लीलीला हाका मारतायत. ती नेहमीसारखी लपलीय. मी आत, कान देऊन. दर हाकेला बघते, नाव नीट फुटतंय का.