सोनदऱ्याच्या काठावर दोन शब्द

२३ जानेवारी २०२६, शुक्रवार

भिवंडीतून बाहेर पडायलाच दोन तास! पडघ्यापर्यंत ट्रकांच्या मागे ट्रक. एके काळी आमच्या गावानं देशाला कापड पुरवलं, आता गोदामांत देशाचे खोके सांभाळतं. मी हे जरा मोठ्यानं म्हणालो. गाडी रिया चालवत होती. "बाबा, चार दिवस भाषण नाही, असं ठरलंय."

भाषण कुठे? निरीक्षण होतं!

धम्मदिना खिडकीबाहेर बघत राहिली. छत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्या विचारांविरुद्ध एक शब्द बोललेली नाही. पटल्याशिवाय कोण इतकं गप्प बसेल?

घोटीत चहा. सोनदरा तलाव इथून बावीस किलोमीटरवर, पण आतापासूनच 'लेक व्ह्यू झेरॉक्स', 'लेक व्ह्यू मोबाइल रिपेअरिंग', 'लेक व्ह्यू दंत दवाखाना'. आ वासल्यावर दिसत असेल.

रिसॉर्टचं नाव 'ब्ल्यू शांती'. 'शांतता राखा' या पाटीच्या बरोब्बर वर स्पीकर, आणि तो ठणठणत होता. मॅनेजर म्हणाला, "तलाव नाही सर, सरोवर म्हणायचं." म्हटलं, हे धरण आहे, याच्या तळाशी चार गावं आहेत. तो म्हणाला, "वा! स्टोरी छान आहे. नाइट वॉकला वापरता येईल."

२४ जानेवारी

जोडून सुट्ट्या. प्रजासत्ताक साजरं करायला अर्धी मुंबई काठावर उतरली आहे आणि पाण्याकडे पाठ करून उभी आहे. फोटोत पाणी मागे हवं ना!

संध्याकाळी 'आदिवासी नाइट'. डोक्याला पिसं लावून नाचणारी मंडळी उल्हासनगरच्या ऑर्केस्ट्रातली. खरा ठाकर आमच्या बॅगा उचलत होता. तोही थांबून कौतुकानं बघत होता — अशी पिसं त्यानं आयुष्यात पाहिली नसावीत.

दुपारी मात्र खरं जेवलो. काठावर बायकांच्या नऊ टपऱ्या आहेत — भाकरी, झुणका, तळलेले मासे. आम्ही बसलो ती हौसाची. पन्नाशीची, काटक, अकरा वर्षं इथे चूल मांडून आहे. ती सांगत होती ते ऐकून माझं रक्त तापलं. रिसॉर्टला ही काठाची जमीन हवी आहे, 'सुशोभीकरणासाठी'. सरपंच त्यांच्या खिशात. सोमवारी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येणार. पास झाला की नऊच्या नऊ टपऱ्या उठल्या.

मग माझ्यानं राहवेना. जमिनीवर कष्टकऱ्याचा हक्क कसा, हे तिथेच सांगायला लागलो. पुण्याची दहा पोरं बाजूला जेवत होती, अर्ध्या जेवणावरून उठली. विचार पचवायला वेळ लागतोच. हौसा मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "सायेब, सलग किती वेळ बोलाल तुमी?"

म्हटलं, "पडघ्याला अडीच तास बोललो होतो. पाणीसुद्धा न पिता."

"आवं बया!" तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. इतका आदर हल्ली शिकल्यासवरलेल्यांतही दिसत नाही.

२५ जानेवारी

धम्मदिना सकाळपासून हौसाच्या टपरीत. कांदे चिरून देते, दोघी कुजबुजतात. नर्सच्या नोकरीत तिला माणसं जोडायची सवय लागली ती लागलीच. मी जवळ गेलो की गप्प होतात.

संध्याकाळी हौसा रिसॉर्टच्या फाटकापाशी आली. वॉचमननं आत सोडलं नाही. मीच बाहेर गेलो. म्हणाली, "उद्याच्या सभेला या. आमच्याकडून बोलाया मानूस न्हाय. पोरं समदी तिकडं तुमच्या भिवंडीला, पूर्ण्याच्या गोदामात. सव्वीस जानेवारीचा सेल हाय म्हनं, कुनाला रजा न्हाय."

काय देश आहे! प्रजासत्ताक दिनाच्या सवलतीसाठी प्रजेला ग्रामसभेची सवलत नाही! हे वाक्य उद्या वापरायचं.

"पण मी बाहेरचा. मला बोलू देतील?"

"ते माज्याकडं लागलं."

रिया म्हणाली, "बाबा, थोडक्यात बोला हं." धम्मदिना चक्क म्हणाली, "बोलू दे गं त्यांना. मनमोकळं बोलू दे."

रात्री मुद्दे काढले. बावीस झाले.

२६ जानेवारी

आजचा दिवस विसरणार नाही!

झेंडावंदन झालं. शाळेच्या पटांगणात सभा. सहाशे मतदारांचं गाव, नव्वद माणसं असल्याशिवाय ठराव करता येत नाही. आली होती एकशे बारा — म्हातारे, बायका आणि सरपंचाची पन्नास-साठ माणसं, इस्त्रीचे कपडे घालून. सरपंचानं विषय चौथा वाचायला घेतला, 'तलावकाठाचे सुशोभीकरण', आणि हौसा उठली. हातात शाल, नारळ. "सरपंच, भिवंडीचे मोठे वक्ते पाव्हणे आलेत. आदी सत्कार. मंग त्येंचे दोन शब्द."

आपल्याकडे शाल-नारळ घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला नाही म्हणणारा पुढारी अजून जन्मायचाय. त्यातून २६ जानेवारी, आणि मी रिसॉर्टचा पाहुणा. सरपंच हसला. "दोनच शब्द हं, सर."

दहा चाळीसला माईक हातात घेतला. ग्रीक नगरराज्यांपासून सुरुवात केली. मग रोम. फ्रेंच राज्यक्रांतीला सभा भारावली — माणसं एकेक करून, मान खाली घालून, विचारमग्न अवस्थेत बाहेर पडू लागली. एक म्हातारा खुर्ची घेऊन गेला. ती त्याचीच असावी. राज्यघटनेला पोचेपर्यंत सरपंचाचे इस्त्रीवाले भिंतीकडेला बिड्या ओढायला गेले होते. सत्य झोंबतं ते असं!

तासाभरानं घसा कोरडा पडला. थांबणार होतो. हौसा तांब्या घेऊन धावली. "अजून सायेब! यंत्रमागाच्या संपाचं ऱ्हायलं!" आणि माझी बायको — जिनं माझं एकही भाषण शेवटपर्यंत ऐकलेलं नाही — पहिल्या रांगेत, हातात घड्याळ. हिला वेळ थांबावीशी वाटत असणार!

बारा तीसला संपवलं. टाळ्या दोघींच्या, पण मनापासून.

लगेच हौसा म्हणाली, "ग्रामसेवक, मानसं मोजा." त्यांनी मोजली. त्रेचाळीस. ठराव मांडताच येईना! "तहकूब करा की मंग. रविवारी घ्या." सरपंच मान डोलावून हसला आणि सभा तहकूब. एका भाषणानं मी एक ठराव रोखला. माणूस आणखी काय मागतो?

२७ जानेवारी

सगळं मातीला मिळालं.

परतताना घोटीच्या टपरीवर तेच ग्रामसेवक भेटले. भला माणूस. म्हणाले, "भाषण विद्वत्तापूर्ण होतं, सर. पण एक सांगू? तहकूब सभेला माणसं मोजायची नसतात. रविवारी सरपंचाची दहा डोकी आली, तरी ठराव पास."

म्हणून हसला तो! आणि रविवारी पौर्णिमेची जत्रा. गाव देवळात, सभेला कोण फिरकणार?

कसारा घाट उतरेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. रियानं दोनदा वळून बघितलं. "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

२८ जानेवारी

घसा बसला आहे. बरंच झालं.

३० जानेवारी

आजवर भाषण मिनिटांत मोजलं, टाळ्यांत मोजलं, हारांच्या वजनात मोजलं. शेवटी समोर किती माणसं उरली, हे कधी मोजलं नाही. त्या ग्रामसेवकानं मोजलं.

एकशे बारा माणसं होती. मी दहा मिनिटं बोलून 'हात वर करा' म्हटलं असतं, तर म्हाताऱ्यांनी आणि बायकांनी टक्कर दिली असती. कदाचित हरले असते. पण लढून. मी त्यांना रोमला घेऊन गेलो!

हौसाला फोन करायचं धाडस होत नाही. नंबर टपरीच्या फलकाचा फोटो काढला होता त्यात आहे. दिवसातून चार वेळा तो फोटो बघतो.

धम्मदिनाला म्हटलं, "मी त्या नऊ बायकांच्या चुली विझवल्या."

ती म्हणाली, "चहा घ्या. निवतोय."

१ फेब्रुवारी, रविवार

आता सभा भरली असेल. आता विषय वाचला असेल. आता संपलंही असेल.

घरात बसवेना म्हणून रिक्षा करून पूर्ण्यापर्यंत जाऊन आलो. गोदामापाशी शुकशुकाट. वॉचमन कुरकुरत होता, "सेल खतम हुआ तो सब घाटवाले लड़के छुट्टी पे चले गए. गाँव में जत्रा है बोलके. तीन बस भरके गए."

मजा आहे त्यांची. इकडे आपलं हे.

२ फेब्रुवारी

नामंजूर!! ठराव नामंजूर!!

धम्मदिनानं सकाळी फोन लावला, बातमी मला नंतर सांगितली. सभेला दोनशे सहा माणसं! गोदामातली पोरं जत्रेला आली होती, ती देवळातून थेट पटांगणात. सरपंचाची माणसं पन्नास, विरोधात दीडशेवर हात. रिसॉर्टचा मॅनेजर फाटकातूनच परत गेला म्हणे.

तरी मी म्हणत होतो! विचार पेरला की उगवतो. सहा दिवसांत उगवला! माझं भाषण म्हाताऱ्यांनी घरोघरी पोचवलं असणार, तिथून पोरांच्या कानी. नाहीतर तीन-तीन बस भरून कोण येतं?

लेख लिहायला घेतला आहे. 'एका भाषणाची ताकद'. सात पानं झाली, अजून रोममध्येच आहे.

५ फेब्रुवारी

हौसाचा फोन आला. मी उचलला. "बाईंस्नी द्या."

म्हटलं, आधी सांग, माझ्या भाषणातलं नेमकं काय भिडलं लोकांना?

ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "आवं सायेब, आमास्नी सभा मोडायची व्हती! पोरं जत्रेला येईस्तवर दिस लांबवायचा व्हता. बाईच बोलल्या, ह्येंच्या हातात माईक द्या, दोन तासांत नव्वद मानूस ऱ्हात न्हाय." मग म्हणाली, "एक मेला टपऱ्या कायम करायचा ठराव आमीच मांडतोय. तुमी या. पर पाच मिन्टं. या बारीला मानसं बसाया पायजेत."

फोन धम्मदिनाला दिला. ती म्हणाली, "पाच नको गं हौसा. तीन सांग."