कुठेच न जोडलेली तार

आप्पा, तुमच्या ट्रंकेत हा मोबाईलचा पडदा आला कुठून? घराला रंग द्यायचाय म्हणून काल माळा रिकामा केला. सातबाराचे जुने उतारे, बैलांच्या घुंगरमाळा, आणि अगदी तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही काच. तिच्यासोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीची घडी एकदा उघडून पुन्हा घातलेली दिसते, आणि दुसऱ्यांदा ती नीट बसलेली नाही. मला असल्या गोष्टी लगेच दिसतात. शेवटी मुलगी तुमचीच.

चुलत्यांचा नांगर फिरला की तुम्ही दरवर्षी बांधावर पावलं मोजायचात आणि घरी येऊन म्हणायचात, "टीचभर कोरलाय बघ." त्या हिशेबानं चुलत्यांनी एव्हाना आपलं अर्धं रान गिळायला हवं होतं, पण ते होतं तेवढंच राहिलं. मी शाळेत असताना एकदा तुम्ही मला सोबत नेलंत, खुणेचा दगड उकरलात आणि त्याच्याखाली चुलीतला पाटीभर कोळसा पुरलात. "दगुड कुनीबी हालवंल. कोळसा कुजत न्हाई. आन् त्यो हितं हाय ह्ये फकस्त आपल्याला ठावं." जगात याहून हुशार माणूस नसेल असं तेव्हा मला वाटलं होतं. मी ते कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही.

पुढे माणच्या माळावर कंपन्या आल्या आणि त्यातल्याच एकीत मी लागले. "करती काय गं तितं?" म्हणून तुम्ही विचारलंत, तेव्हा मी तुमचाच फोन हातात घेऊन चित्राभोवतीची काळी पट्टी दाखवली. चित्राच्या प्रत्येक ओळीला एक तार लागते, त्या सगळ्या तारा कडेकडेनं खाली चिपपर्यंत येतात, आणि त्या झाकायला ही पट्टी. तुम्ही फोन डोळ्यांजवळ नेलात. "म्हंजी ही पाटाची जागा. मंग पाट अरुंद करा की." आमचं काम नेमकं तेच होतं. चार महिने खपून मी आखणी केली. एका ओळीची तार डावीकडून, पुढच्या ओळीची उजवीकडून, आणि प्रत्येक कडेला तारांचे दोन थर, एकावर एक, मध्ये वीज न जाणारा लेप. पट्टी जवळजवळ निम्मी झाली. माझं पहिलं स्वतःचं काम होतं ते.

ते तपासणारे साहेब आपल्याच वरच्या खोल्यांत भाड्यानं राहायचे. नांदेडकडचा माणूस, मऊ बोलायचा, संध्याकाळी आईच्या हातचा चहा प्यायला खाली यायचा. जाताना म्हणायचा, "ताई, फाईल माझ्याकडे पाठवून ठेवा, मी बघून घेतो." एकदा तो जिना चढून गेल्यावर तुम्ही बशी खाली ठेवलीत. "येवढी गोडी कशापायी? फाईल त्याच्याकडं ग्येली की नाव कुनाचं लागनार?" मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "कायतरी पुरून ठेव पोरी." दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी डाव्या कोपऱ्यात एक जादा तार काढली. कुठून निघालेली नाही, कुठे पोचत नाही, कुठेच जोडलेली नाही. आखणी चोरीला गेली तर माझी म्हणून ओळखता यावी, एवढंच तिचं काम.

फॅक्टरीतून नमुने येऊन गेले आणि त्यानंतर साहेबांकडून नवी आखणी आली. मी आधी तो कोपरा पाहिला. तार नव्हती. घरी आले तर आई भाकरी थापत होती आणि तुम्ही पाटावर बसला होतात. मी म्हटलं, "आप्पा, त्यानं दगड हालवला." तुम्ही हात धुतलेत आणि वर गेलात. मला खाली सगळं ऐकू येत होतं.

"खोल्या रिकाम्या करा. आमाला पावण्यांसाठी लागत्यात."

"आप्पा, माझं काही चुकलं का?"

"चुकायचं काय त्यात? लागत्यात म्हनलं न्हवं."

रविवारी तो गेला. किल्ली आईच्या हातात दिली, तुमच्या पाया पडला. तुम्ही गोठ्याकडे बघत राहिलात. मी आतल्या खोलीत होते. थोड्याच दिवसांत त्यानं नोकरीही सोडली.

महिन्याभरानं फॅक्टरीचा अहवाल माझ्या हाती आला. कुठेच न जोडलेल्या त्या तारेवर विद्युतभार साठत होता, शेजारच्या तारेला त्रास होत होता आणि पडद्याच्या डाव्या कडेला फिकट रेघ उमटत होती. म्हणून ती तार काढली होती. आखणीखाली नाव एकटीचं, माझं. चूक कुणाची, या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, "तपासताना माझ्याकडून राहून गेलं," आणि खाली सही. माझ्या नावाला कुणी बोटही लावलं नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली. तरी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही पारावर सांगत होतात की माझ्या पोरीनं चोर पकडला.

आता ही चिठ्ठी. "ताईंच्या आखणीचा पहिला नमुना त्यांच्यासाठी ठेवून जातोय. एक तार काढावी लागली, तिथे रेघ येत होती. सगळ्यांसमोर त्यांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. बाकी काम अस्सल आहे. त्यांना द्यावे." वरच्या खोल्यांना कुलूप लावायला तुम्हीच गेला होतात, आप्पा. तुम्ही ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायचात, पण वाचायचात.

म्हणून कालपासून मी तुमच्यावर संशय घेत बसले आहे. चोराची गोष्ट पारावर सांगणं तुम्ही मध्येच बंद केलंत, ते कधी? त्या खोल्यांत कुणी पाहुणा आला नाही, तरी तुम्ही त्या पुन्हा भाड्यानं दिल्या नाहीत. पुढच्या वर्षी नांगरट झाली आणि तुम्ही बांध मोजायला गेला नाहीत. गुडघे दुखतात म्हणालात. गुडघेच होते ना? मला राग येतो तुमचा. मला का नाही सांगितलंत? पण हेच तुम्ही मला विचारू शकता. तुम्ही जाईपर्यंत दोन वर्षं आपण एका चुलीपुढे जेवलो आणि एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत राहिलो.

हे पत्र मी पुन्हा त्याच ट्रंकेत ठेवणार. लिहायला हवं होतं ते त्या माणसाला. त्याचा पत्ता नाही, म्हणून राहून गेलं, असं मी इतकी वर्षं आईला सांगत आले. भाडेकरूचा पोलिसांना द्यायचा फॉर्म असतो ना, त्याची प्रत या ट्रंकेतच आहे. त्यावर त्याच्या गावाचा पूर्ण पत्ता आहे. अक्षर माझं आहे, आप्पा. आणि तो पत्ता मला पाठ आहे.