हाताला काही झालेलं नाही

९ जानेवारी २००६, सोमवार
आज कॅन्टीनमध्ये नाणं सांबारात पडलं. उजव्या हातातून डाव्या हातात गेल्यासारखं दाखवायचं आणि उजव्याच तळव्यात लपवायचं, एवढीच जादू. सहा जण बघत होते. हात थरथरला. शेजारच्या डेस्कवरच्या पियूषने चमच्याने नाणं काढून, पुसून परत दिलं. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.
कारण सरळ आहे. कॅन्टीनचा एसी. अठरावर ठेवतात. एवढ्या थंडीत कोणाचाही हात हलेल.
संकल्प: यापुढे एसीत जादू नाही.

१२ जानेवारी, सकाळ
आरशासमोर चाळीस वेळा केलं. चाळीसपैकी चाळीस. स्वतःलाच कळलं नाही नाणं कुठे गेलं.
म्हणजे हाताला काही झालेलं नाही. प्रॉब्लेम बघणाऱ्यांचा आहे. लोक फार टक लावून बघतात.

१४ जानेवारी, संक्रांत
घरमालकीण केशरबाई मावशी गुळाची पोळी घेऊन खोलीवर आल्या. एसी नाही, ऊन छान, प्रेक्षक एकच. उत्तम संधी. नाणं दाखवलं, मूठ वळली, फुंकर मारली. मावशी नाण्याकडे बघतच नव्हत्या. हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, “हात का हालतोय रं तुजा? खातोस का न्हाई टायमाला?” आणि माझ्या शर्टाच्या बाहीतून नाणं काढून पोळीच्या ताटात ठेवलं.
बाही सैल आहे. परभणीचा टेलर. उद्यापासून हाफ शर्ट.

१६ जानेवारी
चहा बंद. कायमचा. चहाने हात थरथरतात असं पेपरात वाचलं.

१७ जानेवारी, सकाळी ११
डोकं इतकं दुखलं की ऑफिसात नव्या लोकांच्या ॲक्सेस कार्डांची यादी दोनदा चुकली. चहा घेतला. एकदम बंद करणं शरीराला घातक असतं. हळूहळू करावं.

१७ जानेवारी, संध्याकाळी ५
चौथा कप.

१९ जानेवारी
हिंजवडीच्या डॉक्टरांकडे गेलो. हात पुढे धरायला लावले, बोट नाकाला लावायला लावलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. सगळं व्यवस्थित. म्हणाले, आजार काही नाही, लोकांसमोर घाबरता तुम्ही. मी म्हटलं, मी घाबरत नाही. ते म्हणाले, बरं. मग जादू करून दाखवा म्हणाले. कंपाउंडरही आत आला. नाणं टेबलाखाली गेलं.
बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्यात. निष्कर्ष: हात निरोगी असल्याचं डॉक्टरांनीच मान्य केलं.

२१ जानेवारी
पियूषचा सल्ला: सुरुवातीलाच सांगून टाकायचं, माझा हात थोडा हलतो. एकदा सांगितलं की लोक सोडून देतात, आपणही सोडून देतो. तो गातो, त्याचं स्टेजवर तसंच झालं म्हणे.
पियूषला जादूतलं काही कळत नाही. जादूगार आपलं गुपित सांगत नसतो.

२५ जानेवारी
आईचा फोन. स्थळ आलंय. मुलगी ज्ञानदा, कोथरूडला राहते. वडील नाहीत. आई लीलाबाई आणि मामा अण्णासाहेब सगळं बघतात. एरवी मुलाने मुलीकडे जायची पद्धत, पण मामांना मुलगा कुठे राहतो, कसा राहतो ते बघायचंय. पाच तारखेला रविवारी इथे माण गावात, माझ्या खोलीवरच येणार.
आईने मुलीची बरीच माहिती सांगितली. मी तेव्हा दुसऱ्या हाताने नाण्याची प्रॅक्टिस करत होतो. सगळी ऐकली गेली नाही.
आधीच्या दोन ठिकाणांहून “कळवतो” आलं, मग काहीच आलं नाही. मला वाटतं त्यांना मी आठवतच नसेन. चष्मा, नोकरी, परभणी. असे पुण्यात हजार असतील. जादू येणारा एकही नसेल.
संकल्प: पाच तारखेला दोन जादू. आधी नाणं, मग पत्ते.

२६ जानेवारी, सुट्टी
प्रेक्षकांची सवय व्हावी म्हणून मावशींच्या म्हशीसमोर प्रॅक्टिस केली. ती बघत होती तोवर हात थरथरत होता. तिने मान वळवून वैरणीत तोंड घातलं आणि नाणं अलगद गायब झालं.
यातून काय शिकायचं ते अजून कळलेलं नाही.

२९ जानेवारी
नवी युक्ती: जुना, जड रुपया. वजनाने हात स्थिर राहतो. मावशींचे यजमान सोमनाथकाका, त्यांच्यासमोर केलं. रुपया जड असल्यामुळे पडल्यावर आवाज फार झाला. काका दचकले.

४ फेब्रुवारी
तयारी पूर्ण. खोली झाडली. मावशी पोहे करणार आहेत. कोपर मांडीला टेकवायचं, श्वास मोजायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. आत्मविश्वास शंभर टक्के.

५ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६
यशस्वी. सविस्तर लिहितो.
साडेअकराला आले. चहाचा ट्रे मीच नेला, इथे चूक झाली. कप बशीत वाजायला लागले. कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे कपच ऐकू येत होते. अण्णासाहेबांनी उठून ट्रे हातातून घेतला.
नाण्याचा नाद मग मी सोडला. माघार नाही, निर्णय. थेट पत्ते काढले. लीलाबाईंना वाटलं, आता खेळायला बसायचं का. मी म्हटलं, जादू. ज्ञानदाला एक पत्ता ओढायला सांगितला. तिने ओढला, बघितला. मी पत्ते पिसायला घेतले आणि अख्खा कॅट हातातून उडाला. खोलीभर पत्ते. एक पोह्यांत.
ज्ञानदा खाली बसली आणि शांतपणे सगळे गोळा करायला लागली. मी पण बसलो. पत्ते उचलतानाही हात थांबेना. तिने बघितलं आणि माझ्या बाजूचेही तीच उचलायला लागली. तिचा पत्ता कोणता ते आता कळणं शक्यच नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, “किलवरची राणी होती ना?”
तिने हातातले पत्ते एकसारखे केले. म्हणाली, “हो. तीच होती.”
एकावन्न पत्ते हरले, पण जादू झाली. मलाच कळत नाही कशी. पुढचा तासभर मी ज्या VCDवरून जादू शिकलो तिच्याविषयी आणि जादूच्या एकूण इतिहासाविषयी बोललो. सगळे शांतपणे ऐकत होते.
जाताना “कळवतो” म्हणाले. पण या वेळचं “कळवतो” वेगळं होतं.

८ फेब्रुवारी
अण्णासाहेब आज दुपारी, मी ऑफिसात असताना, एकटेच माणला येऊन गेले. मावशींना विचारलं, मुलगा पितो का. हात का हलतात.
मावशींनी मला हे कौतुकाने सांगितलं. “म्या म्हनलं, हात लई हालत्यात, खरं हाय. पर दारूचा वास कदी आला न्हाई. आन आमचं हे पीत हुतं तवा ह्यांचं हात आजाबात हालत नव्हतं.”
मावशी बाजूनेच बोलल्या. तरी वाक्य मनात घोळतंय. पाहुण्याला ते कसं वाटलं असेल?

१० फेब्रुवारी
डॉक्टरांकडून लिहून आणलं: हातांना कोणताही आजार नाही, व्यसनाची लक्षणे नाहीत. ते “घाबरतात” असंही लिहिणार होते, मी थांबवलं. कुरिअरने अण्णासाहेबांना पाठवलं. पाकिटावरचा पत्ता मीच लिहिला. घाईत होतो. अक्षर जरा हललंय.

१४ फेब्रुवारी
काही कळवलेलं नाही. चांगली माणसं विचार करून कळवतात.

१६ फेब्रुवारी
पियूष म्हणाला, तूच फोन कर. मी म्हटलं, करणारच आहे. नंबर तीन वेळा चुकीचा दाबला. हल्लीच्या मोबाईलची बटणं फार बारीक.

१८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ४
ज्ञानदाचा फोन आला. स्वतःचा. म्हणाली, मामा नुसतं टाळत राहतील, ते मला बरं वाटत नाही, म्हणून मीच सांगते. माझा नकार आहे.
मी लगेच सर्टिफिकेटचं सांगायला लागलो. ती म्हणाली, वाचलं, दारूचं माझ्या मनातही नव्हतं. मी म्हटलं, मग हात. हाताचं मी करतोय काहीतरी, गोळ्या चालू आहेत, चहाही कमी करतोय.
तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, “हातांचं मला काहीच वाटलं नाही. उलट तुमची इतकी धडपड बघून वाईट वाटलं, म्हणून तर किलवरच्या राणीला मी हो म्हटलं. माझा पत्ता चौकटची पंजी होती.”
मी म्हटलं, पंजी?
ती म्हणाली, “तुम्ही दीड तास माझ्यासमोर बसला होतात. त्यात मला एकच प्रश्न विचारलात, किलवरची राणी होती ना. त्याचंही उत्तर मी खोटं दिलं.”
मी सॉरी म्हटलं. तीही सॉरी म्हणाली. तुम्ही वाईट नाही आहात, म्हणाली, आणि फोन ठेवला.
यावर काय कारण लिहायचं ते बराच वेळ शोधतोय. एसी नव्हता. बाही नव्हती.
मग लक्षात आलं, ती काय करते, कुठे नोकरी करते, शिकली काय, मला काहीच माहीत नाही. आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, आता कशाला.