एका ओळीत दोन नावं

भंडारा, १२ जानेवारी २०२५

प्रिय मेघा,

सहा वर्षं तुला पत्र नाही, तुझ्या फोनला उत्तर नाही. कामाचं निमित्त सांगता आलं असतं, पण ते खरं नाही. माफ कर.

आपल्या कॉलेजला साठ वर्षं झाली. इतिहास लिहिणाऱ्या समितीत मी आहे, म्हणून जुने अहवाल चाळतेय. पहिल्या वर्षी फक्त अकरा मुली होत्या. धानाच्या रोवणीत वर्ग ओस पडायचे. मग आपलं वर्ष आलं, वादविवादाच्या करंडकाचा फोटो आला. तू बाजूने बोललीस, मी विरोधात. करंडक जोडीलाच मिळायचा. तू बोलत होतीस तेव्हा परीक्षक घंटा वाजवायची विसरले होते.

सन्मानफलकावर मात्र पंचवीस वर्षं एकटं माझंच नाव आहे. मी तुला सांगितलं होतं, कॉलेजनेच तसं ठरवलं. ते खोटं होतं. सरांनी दोघींच्या नावांची चिठ्ठी देऊन मला पेंटर भय्याजींकडे पाठवलं होतं. ते म्हणाले, "ओळ तं एकच हाये पोरी, कोनाचं लिहू?" आणि मी माझं सांगितलं. स्नेहसंमेलनाला तुझी आई आंधळगावहून हातमाग थांबवून आली, बोटाने अक्षरं जुळवत राहिली. "तुहं नाव कुठी हाये वं?" तू हसून विषय बदललास. मी बाजूलाच उभी होते.

काल समितीत मी फलक दुरुस्त करा म्हटलं. अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले, पुरावा लागेल. मी भय्याजींकडे गेले त्या दिवसाची माझी डायरी उघडली आणि वाचली. वहीत तोंड घालून, पुटपुटत. ते म्हणाले, "पुन्हा वाच. मागच्यांना ऐकू आलं नाही." मी पुन्हा वाचली, मोठ्याने. ठराव एकमताने झाला.

आज दुपारी भय्याजी स्वतः आले. जाड चष्मा, थरथरता हात. पण ब्रश टेकला की हात स्थिर. जुनी ओळ पुसून त्यांनी 'मेघा धकाते, करुणा झंझाड' लिहिलं. शेवटचं अक्षर होताच जिन्यावरच्या पोरींनी टाळ्यांनी दालन दणाणून सोडलं. भय्याजी म्हणाले, "तवाच सांगतली असती, तं बारीक अक्षर काढलं असतं. मावलंच असतं."

हे तुला माझ्याच हातून कळावं म्हणून लिहिलं. माफ करायचं की नाही, ते तू ठरव. नाव मात्र लागलं आहे, माझ्या आधी.

तुझीच,
करुणा

ता. क. उद्या तुझ्या आईला, गोदावरीबाईंना, आंधळगावहून फलक दाखवायला आणते.