फोडणीचा वास

प्रिय आई,

परवा सईने घरात कांदा परतला आणि मी बाथरूमपर्यंतसुद्धा पोचले नाही. हॉलमध्येच ओकले, पायपुसण्यावर. हे तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, केमो चालू आहे, बाई ओकली, त्यात काय एवढं! तुम्हाला मात्र लगेच कळलं असतं त्यात काय ते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्हाला आईच म्हणतेय, पण पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. एकाच घरात राहणाऱ्या सासू-सुना कशाला पत्रं लिहितील? अक्षर वेडंवाकडं येतंय, समजून घ्या. बोटांची टोकं बधिर झालीत. पेन हातात आहे की पडलं, ते बघितल्याशिवाय कळत नाही. काल अर्धं लिहिलं, आज उरलेलं लिहितेय.

तुम्ही गेलात तेव्हा चौथ्या डोसला आठवडा झाला होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेलेल्या की डॉक्टरांनी माणसांत बसायचंच नाही म्हणून सांगितलेलं. तुम्हाला हॉलमध्ये ठेवलं होतं आणि मी मास्क लावून बेडरूमच्या दारात उभी. गावाहून तुमच्या माहेरची माणसं आली, त्यांना काय वाटलं असेल? काय सून आहे, सासूच्या पायाला हात लावायलासुद्धा बाहेर येत नाही! लावला असता हो. महेशने मला धरून ठेवलं होतं. आईला उचलायचं की बायकोला धरायचं, त्याचीही पंचाईतच होती.

आणि खरं सांगू? तेव्हा मला रडू आलं नाही. राग आला होता. तुमचा.

का, ते सांगते. पहिला डोस घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही डाळीला फोडणी दिलीत, आठवतं? मोहरी तडतडली, हिंग पडला आणि माझ्या पोटातलं होतं नव्हतं ते वर आलं. तुम्ही गॅस बंद केलात, कढईवर झाकण टाकलंत आणि माझी पाठ चोळत बसलात. डाळ तशीच राहिली. मी म्हटलं, आता फोडणीशिवाय घर कसं चालणार? तुम्ही म्हणालात, "बघूया गो. तू पडून ऱ्हा."

मी पडून राहिले. तुम्ही घराचं काय काय केलंत ते पडल्या पडल्या बघत होते. अगरबत्ती बंद, धूप बंद. फिनाईलची बाटली बाहेर गेली. तुमचं स्वतःचं डोक्याचं तेल कपाटात आत गेलं. महेश ऑफिसातून आला की आधी आंघोळीला पळायचा. सईला तर तुम्ही सेंट मारायला खाली गेटवर पिटाळायचात! तोंडात सारखी जुनी चावी चोखल्यासारखी चव असायची, म्हणून माझं ताट-वाटी-चमचा सगळं स्टीलचं उचललंत आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या बशा काढल्यात. गार केलेली पेज त्यातून द्यायचात. ती तेवढी आत राहायची.

बाकीचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही बघितलंच आहे. केस गेले, ते उशीवरून तुम्हीच वेचायचात. भुवया गेल्यावर मी आरशावर टॉवेल टाकला, तो तुम्ही धुवायला नेलात तरी जागी दुसरा आणून टाकायचात. तोंडाला फोड आले की पाणीसुद्धा झोंबायचं. पेशी वाढाव्यात म्हणून ते इंजेक्शन घेतलं की दोन दिवस हाडं आतून ठणकायची. नखं काळी पडली. आणि डोकं! एकदा "चमचा" हा शब्दच आठवेना मला. हाताने खूण करत होते, तर तुम्ही डाव, पळी, उलथनं असं एकेक आणून समोर धरत होतात. त्या दिवशी आपण दोघी हसलो होतो.

या सगळ्यात एकच गोष्ट बरी झाली असं मला वाटत होतं. दुसऱ्या डोसपासून मला वास यायचा बंद झाला. घरात स्वयंपाक होतोय, डबे भरले जातायत आणि माझ्या नाकाला पत्ता नाही! हॉस्पिटलात स्पिरिटचा वास यायचा, पण तो नाकात नाही, डोक्यात बसलाय अशी मी समजूत करून घेतली. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, होतं काही जणांना असं, येईल परत. मी तर खूशच झाले. एवढे त्रास नशिबी आले, त्यातला एक तरी सोयीचा निघाला म्हणायचा! तुम्हाला विचारलं, स्वयंपाक कधी उरकता हो? तुम्ही म्हणालात, पहाटे, तुम्ही सगळे झोपलेले असता तेव्हा.

आणि त्याच सुमारास तुम्ही समोर जायला लागलात. समोरच्या दारात, भानुबेनकडे. गुडघे दुखतात म्हणून खाली बाकावरसुद्धा न बसणारी बाई रोज सकाळ-संध्याकाळ गुजराती शेजारणीकडे गप्पा मारायला! दिवस मावळायच्या आत परत यायचात, अगदी नोकरीवरून आल्यासारख्या. मी आत पडलेली असायची. सेफ्टी डोअरचा आवाज, मग तुमचं मोडकं हिंदी, मग भानुबेनचं हसणं. मला वाटायचं, कंटाळल्या या मला. कंटाळणारच. मला तर माझाच कंटाळा आला होता. तरी वाईट वाटायचं.

तिथेच गेलात तुम्ही. संध्याकाळी समोरून भानुबेनची हाक आली, महेश धावला आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. महेश म्हणाला, हृदय आधीपासूनच कमजोर होतं आईचं. ते मलाही माहीत होतं. पण माझ्या मनात एकच घोळत राहिलं. शेवटचं बोलायला तुम्हाला भानुबेन मिळाली, भिंतीपलीकडे पडलेली मी नाही.

तेरा दिवस घरात गॅस पेटला नाही. जेवण बाहेरून येत होतं. पाहुणे गेले तरी भानुबेनचा डबा यायचा थांबला नाही, आणि मी तो मुकाट्याने घेत होते. त्या गडबडीत माझा पाचवा डोस पुढे गेला. पेशी वर आल्या, नवी तारीख मिळाली. या गुरुवारची.

मी ठरवलं होतं, जायचं नाही. महेशला सांगितलंसुद्धा, चार झाले, पुरे झालं. तो उठला. टॉवेल घेऊन आंघोळीला गेला आणि कितीतरी वेळ बाहेरच आला नाही. मरायची भीती वाटत नाही असं नाही हो, आई. पण दमलेय. दात घासून झाले की पलंगावर टेकावं लागतं. शीर सापडत नाही म्हणून नर्स हातावर टिचक्या मारत बसते, तेव्हा तिच्यासाठीच वाईट वाटतं. आणि घरी आल्यावर काचेची बशी घेऊन बसणारं कुणी नाही. कुणाच्या जिवावर अजून दोन घेऊ?

तर परवाचं. सई कॉलेजातून आली, म्हणाली, आई, आज घरात पोहे करू का, कांदा घालून? तुला खरंच वास येत नाही ना? मी म्हटलं, नाही गं, कर खुशाल. मोहरी तडतडली. कांदा पडला. आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

पोरगी घाबरून रडायला लागली. मी पायपुसण्याशेजारी लादीवर बसलेली. म्हटलं, अगं, वास आला मला! परत आला! आणि मग माझं मलाच विचित्र वाटलं. तीन महिने नाही, आणि आजच कसा? सईला विचारलं, आजी पहाटे किती वाजता करायची गं सगळं? सईने डोळे पुसले. मग म्हणाली, "आजी घरात करायचीच नाही, आई. समोर करायची. भानुबेनच्या किचनमध्ये."

मग एकेक बाहेर आलं. तुम्ही त्या दोघांना शपथ घातली होती म्हणे. कळलं तर ती उठेल, म्हणेल माझ्यापायी म्हातारी दारोदार फिरतेय, आणि पदर खोचून स्वतः करायला लागेल. मला वास येत नाही हे सईने तुम्हाला सांगितलं होतं, त्यावर तुम्ही म्हणालात, "घरात वासच नाय, तर तिला येणार कुठून?"

म्हणजे माझं नाक कधी गेलंच नव्हतं! मी त्या मोठ्या डॉक्टरांना छातीठोक सांगितलं, त्यांनी कागदावर लिहूनसुद्धा घेतलं. आणि तुम्ही मात्र समोर त्या जैन बाईच्या गॅसवर उभ्या. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळायच्या आत सगळं आटपायचं. रत्नागिरीची बाई हो तुम्ही! लसणाशिवाय तुमचा हात कसा चालला? महेश आणि सई तीन महिने बिनकांद्याचं जेवले आणि चकार शब्द काढला नाही. आणि मासे? नेहमीची मासेवाली खालून ओरडायची, "ओ म्हातारे, बोंबील हायत, ताजं हायत!" आणि तुम्ही गॅलरीतून नको नको करायचात. मला सांगितलंत, बीपीसाठी डॉक्टरने बंद केलेत. कुठला डॉक्टर, आई?

संध्याकाळी भानुबेन डबा घेऊन आली. मी तिला आत बसवलं आणि विचारलं. ती आधी म्हणाली, सईने बोल दिया क्या. मग पदराने चष्मा पुसत बसली. मासे सोडायला तिने सांगितलं नव्हतं. तुम्हीच म्हणाला होतात, तुझ्या चुलीपाशी उभी राहणार तर एवढं तरी पाळलं पाहिजे. मग मी त्या दिवसाचं विचारलं. तुम्ही दोघी काय बोलत होतात?

ती म्हणाली, "बोलना कहाँ? मूंग की दाल चढ़ी थी. मैं नमक डालने गई तो बा बोली, अभी मत डाल, वैशाली के मुँह में छाले हैं. फिर कुर्सी पे बैठ गई."

एवढंच. त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत म्हणाली.

आई, तेव्हा रडले मी. त्या दिवशीचं आणि त्याआधीचं सगळंच. भानुबेनने पाठीवर हात ठेवला. मग डबा उघडायला लागली, आणि उघडता उघडता सहज विचारावं तसं विचारलं, गुरुवारी किती वाजता निघणार? मी म्हटलं, मी जाणार नाहीये. दमले मी, भानुबेन.

ती म्हणाली, "वो तुम्हारा तुम जानो. बा ने मेरेको छह का बोला था. चार हुआ. मैंने हाँ बोला है बा को, तो दो बार मेरा किचन तुम्हारा है. नहीं आना है तो बा को तुम बोलो. मैं नहीं बोलेगी."

म्हणून हे पत्र. तुम्हाला सांगायचं काम माझ्यावर आलं. कालपासून दोनदा लिहायचा प्रयत्न केला की आई, मला नाही जमणार, आणि दोन्ही वेळा तुम्ही डाव-पळी-उलथनं घेऊन समोर उभ्या. तुमच्याशी भांडताही येत नाही धड. का नाही सांगितलंत मला? सांगितलं असतंत तर मी उठले असते, हे खरंय. पण निदान इतके दिवस तुमच्यावर फुगून तरी बसले नसते! तेवढे दिवस फुकट घालवलेत माझे आणि तुमचेही. यासाठी मी तुम्हाला सहजासहजी माफ करणार नाहीये.

तर ऐका. गुरुवारी जातेय. पाचवा घेईन, सहावाही घेईन. बरी होईन असं वचन देत नाही, ते माझ्या हातात नाही. शूर वगैरे मुळीच होणार नाही, तेवढा जीवच उरलेला नाही अंगात. रडेन, कुरकुर करेन, पेज बेचव झाली म्हणून सईवर चिडेन. ती समोर करणार आहे, भानुबेन शिकवतेय तिला. पण खुर्चीवर बसून सलाईन संपेपर्यंत हात पुढे ठेवेन. एवढं करते तुमच्यासाठी. खरं तर माझ्यासाठीच.

घरातून निघताना कुणी "जाते" म्हटलं की तुम्ही जिन्यातून परत बोलवायचात, "येते म्हण" म्हणून. पण तुम्हाला "येते" कसं म्हणू, आई? तुम्ही आहात तिथे मला इतक्यात यायचं नाहीये. रागावू नका.

जाते.

तुमची,
वैशाली