बाबांच्या गाडीचा पांढरा धूर

किलनाबॅरा, लीट्रिम परगणा, आयर्लंड
मे महिन्यातला कोरडा दिवस (एकच असतो)

प्रिय असुम्ताताई,

तुला, डर्मट भावोजींना आणि दोन्ही पोरींना उदंड आयुष्य लाभो. गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळं ठीक. मावशीचा खोकला गेला, माझा आला, आणि बाबांची गाडी धूर ओकते आहे.

हे शेवटचं जरा विस्तारानं सांगतो, कारण माझं तिकडे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला येणं त्यावर अडलंय. ईस्टरला तू फोनवर फारच मागे लागलीस तेव्हा मी बोलून बसलो, की यंदा गाडी वर्षाच्या सरकारी तपासणीत नापास झाली तर ती भंगारात घालतो आणि भावोजींनी बस डेपोत बघून ठेवलेली नोकरी धरतो. (डेलियामावशी शेजारीच बटाटे सोलत होती. तिला कमी ऐकू येतं असा आपला समज आहे. समजच तो.) गाडी गेली तर मावशीचं रविवारचं चर्च आणि गुरुवारचे पत्ते दोन्ही बंद, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो. जीभ आपल्या घराण्याची, काय करणार!

तर तपासणीच्या आदल्या शनिवारी गाडी चालू केली आणि अंगण दिसेनासं झालं. पांढराशुभ्र धूर, आणि इंजिन असं धापा टाकतंय की जणू डोंगर चढून आलंय. आपल्या गावात कुणाचं काही दुखलं की डॉक्टर सगळ्यात शेवटी येतो, हे तू विसरली नसशील. आधी फाटकावर रेलून पॅकी फॅलननं निदान केलं. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि पांढरा म्हणजे, "कोलमन, आता मेणबत्तीच लाव बाबा." मग गाईला बघायला आलेला गुरांचा डॉक्टर सवयीनं मागच्या बाजूला गेला आणि धुराचा वास घेऊन म्हणाला, की गोडसर वास असता तर रेडिएटरचं पाणी जळतंय म्हटलं असतं, पण हा गोड नाही. फादर टियरनन यांनी तर रस्त्यात गाडी थांबवून विचारलं, पांढरा धूर रोमला नवा पोप निवडल्यावर सोडतात, यंदा तो तुझ्या अंगणात निवडला काय? तीन दिवसांत अकरा माणसं झाली, आणि प्रत्येकाला चहा. मावशीनं सगळ्यांना चहा दिला, सोडा ब्रेड दिला, पण स्वतःचं मत म्हणून दिलं नाही. ज्या बाईचं हवामानखात्याशीसुद्धा पटत नाही तिनं गप्प राहावं, इथंच मला शंका यायला हवी होती.

मंगळवारी गाडी नापास झाली. तपासनीस भला माणूस. त्यानं धूर मोजायचं यंत्र लावलं, आकडा बघितला आणि हळूच विचारलं, "दादा, ही घरी चालत जाईल ना?" वर एकवीस दिवसांत पुन्हा आणायची मुभा दिली. मग मात्र मी तिला मॅलकी मेकॅनिककडे नेलं (म्हणजे जिथं शनिवारीच न्यायला हवी होती तिथं). मॅलकी बोलत नाही. त्यानं डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून जॅमच्या बरणीत सगळं उतरवलं आणि बरणी उजेडात धरली. वर डिझेल, खाली दोन बोटं पाणी. टाकीत पाणी! मग त्यानं टाकीच्या तोंडाशी चिमटा घातला आणि एक छोटासा निळा प्लॅस्टिकचा मुकुट बाहेर काढला.

ताई, तो मुकुट तुझ्या ओळखीचा आहे. तू फ्रान्समधल्या लूर्दच्या यात्रेहून मावशीला आणलेल्या, मेरीमातेच्या आकाराच्या पवित्र पाण्याच्या बाटलीचं ते झाकण. मॅलकीनं टोपी काढली. आता ते पाणी गटारात ओतणार कसं? फादर म्हणाले, स्वच्छ मातीत ओता. पण त्याला डिझेलचा वास, म्हणून मावशी गुलाबांच्या जवळपास फिरकू देत नाही. त्यामुळे बरणी सध्या येशूच्या तसबिरीखाली दिव्याजवळ आहे, आणि आपल्या स्वयंपाकघराला ट्रॅक्टरचा वास येतो.

मी मावशीला रागावलो नाही. एवढंच म्हणालो, की गाडी पास व्हावी म्हणून तू मायेनं केलंस, पण इंजिन श्रद्धेवर चालत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ब्रेडला लोणी लावत राहिली. टाकी धुतली, फिल्टर बदलला, आता धुराचं नाव नाही. (पॅकीचा चेहरा पडला.) अठरा तारखेला पुन्हा तपासणी. पास झाली तर राहीन, नापास झाली तर तुझ्या दारात उभा. देवाच्या मनात असेल तसं.

तुझा भाऊ,
कोलमन

ता.क. पाकीट बंद करण्याआधी पत्र मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पास व्हावी म्हणून कुणी ओतलं? नापास व्हावी म्हणून ओतलं. म्हातारीला पत्त्यांना पोचवण्यात तुझं वय चाललंय. तू जा की रे बाळा." मी विचारलं, मग नळाचं का नाही ओतलंस? तर म्हणाली, "नळाचं ओतलं असतं तर ती खोडी झाली असती. ही प्रार्थना होती." त्यानंतर मी तासभर गोठ्यात नसलेली कामं करत होतो.

आणखी ता.क. भावोजींना म्हणावं, नोकरी दुसऱ्या कुणाला तरी द्या. अठराला काहीही होवो, मी इथंच आहे. मावशीला कळवशील तेव्हा मी गाडीच्या मायेनं राहिलो असंच लिही. नाताळला पोरींना घेऊन ये, चहा आण. लूर्दचं मात्र काही आणू नकोस. तिच्या कपाटात दुसरी बाटली अजून भरलेली आहे, आणि मागच्या खेपेला देवानं तिचंच ऐकलं होतं.